चीनमधलं जुनं सोन्याचं काम: ओतीव, ठोकीव का तारेचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "डिझाईनच्या कोर्ससाठी प्राचीन चीनमधल्या सोन्याच्या वस्तूंवर प्रोजेक्ट करतेय. मशीन नसताना एवढं बारीक काम त्यांनी कसं केलं? हे सगळं ओतीव आहे का ठोकून केलेलं? आपल्या सोनारकामापेक्षा त्यात वेगळं काय? आणि त्यांचा पाऱ्याचा जुना मुलामा तांब्याच्या छोट्या तुकड्यावर घरी करून बघता येईल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, घरी अजिबात करू नका, का ते खाली सांगतो पण बाकीचं वाचायच्या आधी एवढं डोक्यात राहू दे.

मी कोल्हापूरचा, पिढीजात सोनार, वडिलांच्या हाताखाली ऐरणीवर बसलो तो अजून बसतोय. हल्ली नवीन घडणावळीपेक्षा जुन्या दागिन्यांची दुरुस्ती जास्त येते त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची सवय लागलीय. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, कारागीर दिसतो तो मागच्या बाजूला, सांध्यात आणि कडेला. शीआन आणि छंगदूच्या म्युझियममध्ये पण मी हेच बघत होतो आणि तुम्हाला पहिलं सांगणं हेच की प्रत्येक वस्तूला आधी एक प्रश्न विचारा, हा हात कोणाचा? ओताऱ्याचा, जेड (हा चीनमध्ये फार मान असलेला कठीण दगड) कापणाऱ्याचा का सोनाराचा? आपल्याकडे ओतारी, कासार, तांबट, सोनार हे वेगवेगळे धंदे, प्रत्येकाची धातूकडे बघायची नजर वेगळी. चीनचं जुनं सोनं समजत नाही त्याचं मुख्य कारण हे की आपण ते सगळं सोनाराचं काम म्हणून बघायला जातो, आणि सुरुवातीची हजार वर्षं तरी ते बरंचसं सोनाराचं काम नाहीच.

मध्य चीनमध्ये शांग आणि झोऊ राजांच्या काळात (साधारण इ.स.पू. १६०० ते २५६) मान होता कांशाला आणि जेडला. पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा तर कांशाच्या भांड्यात. आन्यांगला सापडलेलं होउमुवू नावाचं चौकोनी पात्र एकटं ८३२ किलोचं आहे, एवढं कांसं एका साच्यात ओतणारे लोक म्हणजे भट्टी आणि मातीचे साचे यावर त्यांची हुकमत केवढी असेल बघा. सोनं त्यांच्याकडे होतं पण थोडं, आणि ते वापरलं जायचं पातळ पत्रा करून, लाकडावर, कांशावर, लाखेच्या वस्तूंवर चढवायला. म्हणजे सोनं हे वरचं कातडं आणि आतली वस्तू दुसऱ्याच मटेरियलची. उत्तरेला चित्र जरा वेगळं, बीजिंगजवळ पिंगूला १९७७ मध्ये शांग काळातली सोन्याची कडी, केसातला काटा आणि कर्ण्यासारख्या तोंडाचं कानातलं मिळालं, असले कानातले गवताळ प्रदेशातल्या लोकांची आवड, म्हणजे अंगावर सोनं मिरवायची पद्धत तिकडून खाली येत होती.

कातड्याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण म्हणजे सिचुआनमधलं सान्शिंगद्वी. १९८६ मध्ये दोन खड्डे सापडले, कांशाची माणसाच्या आकाराची मूर्ती, मोठाल्या डोळ्यांचे मुखवटे, हस्तिदंत, सगळं मुद्दाम मोडून जाळून पुरलेलं. त्यात १.४३ मीटर लांबीचा सोन्याचा दंड आहे. दंड सोन्याचा म्हणतात खरं पण आत लाकूड होतं, ते जळून कोळसा झालेलं, वर सोन्याचा पत्रा गुंडाळलेला आणि त्या पत्र्याचं वजन साधारण ४६३ ग्रॅम. त्यावर मासे, पक्षी, बाण आणि हसरे चेहरे कोरलेत. आता एवढा लांब पत्रा एकसारखा ठोकायचा म्हणजे काय ते ज्याने हातोडी धरलीय त्यालाच कळेल. सोनं ठोकत गेलं की ताठर होतं, मग ते तापवून नरम करायचं, परत ठोकायचं, परत तापवायचं, आणि यात एका ठिकाणी जरी जास्त ठोकलं गेलं तरी कडेला चिरा पडतात आणि मधे भोक पडतं. आजच्या रोलिंग मशीनवर हे काम सोपं आहे, दगडावर किंवा कांशाच्या ऐरणीवर हाताने करणं ही फार वेगळी गोष्ट.

नंतर नवीन खड्डे निघाले आणि २०२१ च्या मार्चमध्ये पाचव्या खड्ड्यातला अर्धा फाटलेला सोन्याचा मुखवटा जगभर गाजला. अर्धाच तुकडा २८० ग्रॅमचा, कस साधारण ८४ टक्के, बाकी मुख्यतः चांदी. ही चांदी कोणी मुद्दाम मिसळली असेलच असं नाही, नदीच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्यात चांदी आपोआप असते आणि ती वेगळी न करता तसंच वापरलं की असा कस येतो. हा मुखवटा इतका जाड आहे की आधाराशिवाय उभा राहतो. पण त्याच जागेवरच्या कांशाच्या डोक्यांवर जे सोन्याचे मुखवटे चढवलेत ते पातळ आहेत, डोळ्याच्या जागा आणि भुवया कापलेल्या, पत्रा कांशाच्या चेहऱ्यावर दाबून बसवून चिकटवलेला. इथे झाळ (वितळवून जोड द्यायचा धातू) नाही, खिळा नाही. नाकाच्या बाजूला आणि कानाच्या पाळीपाशी पत्रा कसा वळवलाय ते फोटो झूम करून बघा, तिथे सुरकुती न पडू देता पत्रा बसवणं हे सगळ्यात अवघड.

छंगदू शहरातच जिन्शा म्हणून जागा आहे, २००१ मध्ये बांधकामाच्या खोदाईत सापडली. तिथली सूर्य आणि चार पक्ष्यांची सोन्याची चकती तुम्ही नक्की पाहिली असेल कारण चीनने २००५ मध्ये ती आपल्या सांस्कृतिक वारशाचं चिन्ह म्हणून घेतली. बाहेरचा व्यास १२.५ सेंमी, आतला ५.२९, जाडी ०.०२ सेंमी, वजन २० ग्रॅम, कस ९४.२ टक्के. मी गिऱ्हाइकाला वजनाचा हिशोब करून देतो तसा याचा केला. या मापाची न कापलेली अख्खी कडी साधारण ३७ ग्रॅम भरेल. म्हणजे कारागिराने जवळपास निम्मं सोनं कापून काढलंय, बारा वळणदार किरणांच्या आणि पक्ष्यांच्या मधल्या जागा, आणि जे उरलंय ते एका ठिकाणीही तुटलेलं नाही. पोलादाची करवत नव्हती तेव्हा. जवळून बघितल्यावर कडेला एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा टोकदार हत्यार फिरवल्याच्या खुणा दिसतात, म्हणजे एका झटक्यात कापलेलं नाही, रेघ खोल करत करत पत्रा वेगळा केलाय. आता ही सवय कोणाची? जेड हा दगड छिन्नीने फुटत नाही, तो घासत घासतच कापावा लागतो, आणि त्या संस्कृतीत हजारो वर्षं लोक तेच करत आले होते. धीर धरून तीच रेघ परत परत ओढायची हा जेडवाल्याचा हात आहे असं मला ठामपणे वाटतं.

आता ओताऱ्याचा हात. हूपेई प्रांतात सुइझोऊला १९७८ मध्ये झेंग नावाच्या छोट्या राज्याच्या यी या राजाची कबर उघडली, इ.स.पू. ४३३ च्या सुमाराची. ६५ कांशाच्या घंटांचा सेट तिथलाच. त्या कबरीत सोन्याचा झाकणवाला वाडगा आहे, वजन २१५६ ग्रॅम! तोंडाचा व्यास जेमतेम १५ सेंमी. दोन किलोच्या वर सोनं एका वाडग्यात, कारण तो ठोकलेला नाहीच, ओतलेला आहे, पाय आणि कान वेगळे करून जोडलेत आणि झाकणावर जी एकमेकांत गुंतलेल्या सापांची नक्षी आहे ती हुबेहूब त्या काळच्या कांशाच्या भांड्यांवरची. म्हणजे ओताऱ्याच्या पुढ्यात कोणीतरी सोनं ठेवलं आणि त्याने कांशाचं करतो तेच केलं, मातीचा साचा, आत नक्षी, वरून रस. सोनाराला हे बघून कसंतरी होतं कारण आपण ठोकून तेवढाच वाडगा चारशे ग्रॅममध्ये करू. पण राजाला सोनं वाचवायचं नव्हतं आणि त्याच्याकडे जगातले सगळ्यात भारी ओतारी होते. सोबत एक जाळीचा चमचा पण मिळाला, साधारण ५६ ग्रॅमचा, रस्सा खाली गळून वरचं घट्ट तेवढं उचलायला.

मग खरा सोनाराचा हात चीनमध्ये कुठून आला? माझं मत, आणि अभ्यासक पण साधारण असंच म्हणतात, की उत्तर आणि पश्चिमेकडून, घोड्यावरच्या लोकांकडून. भटक्या माणसाला कांशाची मोठी भांडी नेता येत नाहीत, त्याची सगळी संपत्ती अंगावर आणि घोड्यावर, त्यामुळे पट्ट्याचे बक्कल, टोपीचे अलंकार, लगामाची फुलं हे सोन्याचं. आतल्या मंगोलियात आलुछाइदंगला १९७२ मध्ये जो मुकुट सापडला त्यावर गरुड बसलाय, त्याचं डोकं आणि मान फिरोज्याची आणि सोन्याच्या तारेने अशी ओवलीय की हलते. माणूस घोड्यावरून चालला की गरुड डोकं हलवणार.

यातली एक बारकाई मला फार आवडते. त्या काळच्या पट्ट्याच्या काही बकलांच्या मागच्या बाजूला कापडाची वीण उमटलेली दिसते. हे कसं, तर मेणाचा साचा करताना मेण पातळ हवं म्हणून कापडाचा आधार दिला, त्यावर माती चढवली, तापवल्यावर मेण वितळलं, कापड जळलं आणि त्या जागी सोनं ओतलं, ते कापडाची वीण घेऊनच बाहेर आलं. समोर वाघ आणि मेंढ्याची झुंज, मागे कोणाच्या तरी मागावरचं कापड. आणि पुढची गंमत अशी की यातली काही बक्कलं भटक्यांसाठी चिनी कारखान्यातच बनत होती, काहींच्या मागे चिनी लिपीत वजन कोरलंय आणि १९९९ मध्ये शीआनच्या उत्तरेला एका ओताऱ्याचीच कबर सापडली ज्यात त्याच्या कामाचे मातीचे नमुने सोबत पुरलेले, त्यात भटक्यांच्या आवडीची प्राण्यांची डिझाईन्स होती. म्हणजे गिऱ्हाईक बघून माल, बाजार तेव्हाही असाच चालायचा.

याच वाटेने रव्याचं काम, म्हणजे पत्र्यावर सोन्याचे बारीक गोल दाणे बसवणं, आलं. तुम्ही डिझाईनवाल्या म्हणून पद्धत नीट लिहितो. बारीक तारेचे तुकडे करायचे, मुशीत कोळशाच्या भुकटीत एकमेकांना लागणार नाहीत असे थर लावायचे आणि भट्टीत तापवायचे, सोनं वितळलं की ते स्वतःच गोळा होतं आणि प्रत्येक तुकड्याचा गोल रवा होतो. रवे करणं सोपं. ते पत्र्यावर बसवणं हे खरं काम. झाळ जास्त झाली तर रव्यांच्या मधल्या फटी भरून जातात आणि सगळं पुरळ आल्यासारखं ओबडधोबड दिसतं. म्हणून जुने कारागीर डिंकात तांब्याचा क्षार मिसळून रवे चिकटवायचे, तापवल्यावर डिंक जळून त्याचा कोळसा होतो, त्या कोळशामुळे क्षारातलं तांबं मोकळं होतं आणि रवा जिथे टेकलाय तेवढ्याच ठिपक्यावर सोनं लवकर वितळून धरतं. बघणाऱ्याला जोड दिसतच नाही. पश्चिम आशियात हे हजारो वर्षं आधी चालू होतं, चीनमध्ये ते युद्धखोर राज्यांच्या काळात (इ.स.पू. ४७५ ते २२१) दिसायला लागतं आणि हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) ते इतकं आपलंसं केलं की शिंजियांगमध्ये यानछीला १९७५ मध्ये मिळालेलं बक्कल बघा, १० सेंमीपेक्षा लहान, वजन ४८.८ ग्रॅम, त्यावर एक मोठा ड्रॅगन आणि सात छोटे, अंग सगळं रव्यांचं. टेक्निक बाहेरचं आणि डिझाईन शंभर टक्के चिनी. प्रोजेक्टमध्ये एकच फोटो टाकायचा असेल तर मी हा टाकीन.

याच काळात समुद्राच्या वाटेनेही देवाणघेवाण होत होती, दक्षिणेला हपूच्या बंदरातल्या कबरींमध्ये बारा बारीक कड्या जोडून सांध्यांवर रवे बसवलेले सोन्याचे पोकळ मणी मिळालेत आणि तसलेच मणी तक्षशिलेला पण मिळालेत. कोणी कोणाकडून घेतलं हा वाद विद्वानांनी घालावा, पण रवे बसवणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांचं काम कधीतरी हातात घेऊन उलटं करून पाहिलं असणार.

हान काळातलं सोनं किती होतं याचा अंदाज यायचा असेल तर नान्चांगजवळची हाइहुनच्या सरदाराची कबर. त्याचं नाव ल्यू ह, इ.स.पू. ७४ मध्ये २७ दिवस सम्राट होता, मग गादीवरून काढला आणि शेवटी या लांबच्या जहागिरीवर पाठवला, इ.स.पू. ५९ मध्ये वारला. २०१५-१६ मध्ये त्याच्या कबरीतून सोन्याचे ४७८ नग निघाले, मिळून ११५ किलोच्या वर. त्यात ३८५ तर नुसत्या गोल लाद्या. बऱ्याच जणांना वाटतं त्यात कारागिरी काय, पण माझ्यासारख्याला त्या लाद्याच जास्त बोलतात. कस ९९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सान्शिंगद्वीच्या ८४ पासून इथपर्यंत सोनं शुद्ध करायची विद्या आलेली. आणि काही लाद्यांवर शाईने लिहिलंय की हे दक्षिणेच्या हाइहुन जहागिरीच्या सरदाराकडून, युआनकांग तिसरं वर्ष (म्हणजे इ.स.पू. ६३), पूर्वजांच्या मद्य अर्पणासाठी, एक जिन वजन. हानचा एक जिन म्हणजे साधारण २५० ग्रॅम. या खंडणीच्या सोन्यात खोट निघाली तर काय व्हायचं? इ.स.पू. ११२ मध्ये सम्राट वू ने कमी वजन आणि कमी कस या कारणावरून १०६ सरदारांच्या पदव्या काढून घेतल्या होत्या. अशा दरबारात कस लावणारा माणूस किती तयारीचा असेल! त्याच कबरीत घोड्याच्या खुरासारखे सोन्याचे नग पण आहेत, अंग साधं ओतलेलं आणि तोंडाच्या कडेला बारीक तारेचं आणि मणीदार पट्ट्यांचं काम. ओतारी आणि सोनार एकाच वस्तूवर बसलेत, दोघांचे हात वेगळे ओळखू येतात.

आता मुलामा. हान काळात कांशाच्या वस्तूवर सोन्याचा पत्रा चिकटवण्यापेक्षा पाऱ्याने सोनं चढवणं हे पुढचं पाऊल. हेबेईत मानछंगला १९६८ मध्ये राजपुत्र ल्यू शंग आणि त्याच्या बायकोच्या कबरी उघडल्या, जेडच्या तुकड्यांचे ते प्रसिद्ध पोशाख तिथलेच, ल्यू शंगच्या पोशाखात २४९८ तुकडे आणि शिवायला साधारण १.१ किलो सोन्याची तार. बायकोच्या कबरीत गुडघे टेकून बसलेल्या दासीच्या रूपातला ४८ सेंमी उंच दिवा आहे, पूर्ण मुलामा दिलेला, धूर तिच्या बाहीतून आत जातो. पद्धत अशी की शुद्ध सोन्याचे पातळ तुकडे मुशीत लाल होईपर्यंत तापवायचे, त्यात साधारण सातपट पारा घालायचा, ढवळायचं, थंड पाण्यात ओतायचं, लोण्यासारखा मऊ पांढुरका लगदा होतो. वस्तू आधी घासून आंबट पाण्याने स्वच्छ, तेलाचा हात सुद्धा लागलेला चालत नाही. मग मीठ आणि तुरटी लावून तांब्याच्या ब्रशने लगदा सगळीकडे सारखा पसरायचा आणि कोळशाच्या आचेवर वस्तू फिरवत राहायचं. पारा ३५७ अंशाला उकळतो, तो उडून जातो, रंग पांढऱ्याचा मळकट पिवळा होतो, सोनं मागे राहतं. मग अकीकाच्या हत्याराने घोटून ओप द्यायचा तेव्हा कुठे सोनं चमकतं. जाड हवं तर हे सगळं परत परत. तज्ज्ञ आज एक्स-रे उपकरणाने बघतात तेव्हा सोन्यात राहिलेला थोडा पारा सापडतो आणि त्यावरून ही पद्धत ओळखतात.

जो पारा उडून जातो तो कुठे जातो, ताई? करणाऱ्याच्या छातीत. वाफेला वास नाही, रंग नाही, खोकला पण लगेच येत नाही आणि मेंदू, नसा, मूत्रपिंड यांचं नुकसान होतं ते भरून येत नाही. खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून, छोटासाच तुकडा, असलं काही चालत नाही, घरातली लहान मुलं तर त्याहून लवकर सापडतात. पाऱ्याचा मुलामा आपल्याकडे पण होता आणि तो धंदा करणाऱ्या माणसांचे थरथरते हात मी लहानपणी बघितलेत. तुम्हाला हाताने काही करून बघायचंच असेल तर त्याच काळातलं जडकाम करा. ल्यू शंगच्या कबरीत २६ सेंमीची धूपदाणी आहे, वर डोंगर, खाली लाटा, आणि सगळ्या रेषा सोन्याच्या. कांशात खाचा, खाचेत सोन्याची तार ठोकून बसवायची, मग दगडाने घासून दोन्ही एका पातळीत आणायचं. तुम्ही पितळेच्या पट्टीत खाच करून त्यात तांब्याची तार बसवून बघा. खाच तळाशी थोडी रुंद आणि तोंडाशी अरुंद केली तर तार आपोआप अडकते, हे हाताने केल्यावरच समजतं आणि प्रोजेक्टला पण चांगलं दिसेल.

सुइ आणि थांग काळ (सहाव्या शतकाच्या शेवटापासून ९०७ पर्यंत) हा माझ्या मते सोनाराचा खरा काळ. ली जिंगशुन नावाची नऊ वर्षांची राजघराण्यातली मुलगी ६०८ मध्ये वारली, तिच्या शीआनमधल्या कबरीतला हार १९५७ मध्ये मिळाला, २८ सोन्याचे मणी, प्रत्येक मणी बारा छोट्या कड्या झाळून केलेला आणि त्यावर दहा मोती. हाराच्या अडकवणीत गडद निळ्या दगडावर हरीण कोरलंय. मगाशी सांगितलेल्या मण्यांचीच ही परंपरा. एवढ्याशा मुलीच्या गळ्यात घालायला कोणीतरी हे इतकं जीव लावून केलं, फोटो बघताना सुद्धा भरून येतं.

हेजियाचुनचा साठा १९७० मध्ये शीआनमध्ये निघाला, मातीच्या दोन रांजणांत आणि चांदीच्या एका भांड्यात, सोन्याचांदीची २७० च्या आसपास भांडी. त्यातला कमळाच्या पाकळ्यांचा सोन्याचा वाडगा मी तासभर बघत उभा होतो. पाकळ्यांच्या दोन रांगा, प्रत्येक पाकळी आतून बाहेर ठोकून उठाव दिलेला, पाकळीत ससा, हरीण, पोपट, बदक कोरलेलं आणि मोकळी जागा सगळी बारीक गोल ठिपक्यांनी भरलेली. हा ठिपका पोकळ टोकाच्या ठशाने एकेक मारलाय. एका वाडग्यावर असे हजारो, आणि ओळी कुठे चुकत नाहीत. हा उठाव देताना वाडगा राळेवर बसवावा लागतो, म्हणजे पत्रा दबतो पण फाटत नाही. वाडग्याच्या आत शाईने वजन लिहिलंय, साडेनऊ लियांग. थांगचा लियांग ४१ ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे ३९२ ग्रॅम होतात, आणि आज वाडगा भरतो तो ३९२ च्या आसपासच. तेराशे वर्षांनी वजन जुळतंय. सुइझोऊचा वाडगा आठवा, जवळपास त्याच मापाचा आणि दोन किलोच्या वर. ओतारी आणि सोनार यांच्यातला फरक या दोन वजनांत अख्खा मावतो.

थांगचं हे काम इराणी आणि सोग्दियन (मध्य आशियातल्या) कारागिरांकडून बरंच शिकलेलं आहे, अष्टकोनी पेले, अंगठा टेकायची कडी, हे सगळं तिकडचं. पण पन्नास-शंभर वर्षांत ते पूर्ण चिनी होऊन जातं.

फामेन मंदिराबद्दल मराठी वाचकाला सांगावंसं वाटतं कारण तिथे बुद्धांची अस्थी म्हणून पूजलेलं बोटाचं हाड आहे. १९८१ मध्ये स्तूपाचा अर्धा भाग कोसळला आणि १९८७ मध्ये खालचं तळघर उघडलं, ते ८७४ पासून बंद होतं. दरबाराच्या कारखान्यात बनलेलं सोन्याचं भिक्षापात्र आणि बारा कड्यांचा भिक्षूचा दंड तिथे मिळाला, दोन्हींवर ८७३ सालचा राजाज्ञेचा लेख आहे आणि दंडावर तर हिशोब पण लिहिलाय, एकूण ६० लियांग, त्यात सोनं २ आणि चांदी ५८. ज्याने हातात भिक्षापात्र घेतलं त्याच्यासाठी सोन्याचं भिक्षापात्र, भक्तीची रीत आहे, आपल्याकडेही देवाला असंच चढवतो.

आता तार, आणि बहुतेक तुमच्या डोक्यातला बारीक कामाचा प्रश्न याच्याबद्दलच असणार. मिंग घराण्यातल्या (१३६८ ते १६४४) सम्राट वानलीची डिंगलिंग इथली कबर १९५७ मध्ये उघडली, त्यात सोन्याच्या तारेने विणलेली टोपी निघाली. उंची २४ सेंमी, वजन ८२६ ग्रॅम, तार ०.२ मिलिमीटर, टोपीच्या विणकामात ५१८ तारा. जाळीची भोकं सगळीकडे एकसारखी आणि तारेचं टोक कुठे दिसत नाही, सांधा कुठे दिसत नाही. मागे दोन ड्रॅगन मोत्यासाठी झेपावलेत, त्यांच्या अंगावर ८४०० खवले. तार ओढायची भोकांची पट्टी आपण अजून वापरतो तीच, भोक बारीक बारीक होत जातं आणि मधे मधे तार तापवून नरम करावी लागते नाहीतर तुटते. ०.२ ची तार ओढणं मोठं नाही, ती ताणात एकसारखी ठेवून वक्र पृष्ठावर विणत जाणं हे मोठं, कारण टोपी वरती गोल होत आत वळते तिथे भोकं लहानमोठी व्हायलाच पाहिजेत आणि ती झालेली नाहीत. ड्रॅगनसाठी दुसरी पद्धत, दोन तारा एकत्र पिळून चपट्या करतात, त्याने कडेला बारीक दाते येतात आणि उजेड त्यावर रव्यांसारखा चमकतो, मग त्या तारेचे आकार वळवून डिंकाने चिकटवून, झाळेची भुकटी आणि टाकणखार शिंपडून तापवतात. आच थोडी जास्त गेली तर झाळ धरायच्या आधी तारच वितळून बसते. कटकचं चांदीचं तारकाम आणि करीमनगरचं काम बघितलंत तर हीच तत्त्वं दिसतील. चीनमध्ये या कामाला २००८ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं आणि बीजिंगला ते अजून चालू आहे.

आपल्यापेक्षा वेगळं काय, तर एक म्हणजे रत्न. आपल्याकडे सोनं रत्नाला धरायला असतं, कुंदनात तर शुद्ध सोन्याचा पत्रा दाबूनच हिरा बसवतो. चीनमध्ये बराच काळ रंग हवा असला की फिरोजा, जेड, काच, मोती, आणि नंतर राण्यांच्या मुकुटावर खंड्या पक्ष्याची निळी पिसं चिकटवलेली. माणिक आणि नीलम मोठ्या प्रमाणात दिसतात ते मिंग काळात, आणि ते आपल्याच समुद्रातून गेलेत. हूपेईत झोंगशियांगला २००१ मध्ये लियांगझुआंग या राजपुत्राची कबर खोदली, तिथे रत्नांचा ढीग निघाला आणि सोन्याची एक लगड निघाली, १९३७ ग्रॅमची, तिच्यावर कोरलंय की यूंगल राजवटीच्या १७ व्या वर्षी, म्हणजे १४१९ मध्ये, पश्चिम समुद्राच्या भागात विकत घेतलेलं दहात आठ भाग कसाचं म्हणजे ८० टक्क्यांचं सोनं, ५० लियांग. मिंग दरबाराचा आरमारप्रमुख झंग ह, त्याचं आरमार तेव्हा पाचव्या सफरीवर होतं, आणि कालिकत आणि कोचीन ही त्याची नेहमीची बंदरं. ही लगड नेमक्या कुठल्या बंदरात खरेदी झाली ते तीवर लिहिलेलं नाही, पण खरेदी करणाऱ्याने कस लावून बघितला आणि तो खरा कोरून ठेवला, म्हणजे व्यवहार चोख.

प्रोजेक्टसाठी माझा सल्ला, काळाप्रमाणे पन्नास वस्तू गोळा करण्यापेक्षा पाच घ्या. जिन्शाची चकती, सुइझोऊचा वाडगा, यानछीचं बक्कल, हेजियाचुनचा वाडगा आणि वानलीची टोपी. प्रत्येकीचा मागचा किंवा आतला फोटो मिळवा, म्युझियमच्या साईटवर मोठ्या साईझमध्ये बरेच असतात, आणि कापलं का, ओतलं का, रवे का, ठोकलं का, विणलं का हे कडेवरून आणि सांध्यावरून ओळखायचा प्रयत्न करा. कुठे अडलात तर फोटो पाठवा, मी बघून सांगतो.